शंकरचा स्टॅबिलायझर

"काल तं काढलं होतं. आज गायब," धर्मपाल म्हणाले आणि कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसले.

त्यांची मुलगी सरिता मागून येऊन स्क्रीनवर वाकली. मंगळवारपासून रोज सकाळी हेच चाललं होतं, आणि आज शनिवार. सर्किट काढायचं एक सॉफ्टवेअर होतं. फुकट, कोणीही वापरा, कोणीही सुधारा असं. त्यात प्रकल्प उघडायची आणि ठेवायची खिडकी ती नव्यानं बनवत होती. तात्यापारा भागातल्या आपल्या दुकानात तीस वर्षं स्टॅबिलायझर दुरुस्त करणाऱ्या बाबांना ती जमली, की कोणालाही जमेल, असं तिला वाटलं होतं.

कुठलं काय! बाबा रोज शंकर नावाच्या गिऱ्हाइकाच्या स्टॅबिलायझरचं सर्किट काढत, आणि दुसऱ्या दिवशी ते सापडत नसे. जपून ठेवायचंच विसरतात, दुसरं काय? बुधवारी तिनं त्यांच्याकडून दुकानाची चाबी काढून घेतली. करंटचं काम आहे, उगाच काही झालं तर, म्हणाली. आज अकराला मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

"बाबा, काल सेव्ह केलं होतं का?"

"हव. दुकानात दुरुस्तीच्या वस्तूले चिठ्ठी बांधतो तसंच. नाव, वस्तू, वार."

"मग रोज नवीन काहून काढून राहिले?"

"उघडलं का कोराच कागद येते. मले वाटलं, याची रीतच अशी असन."

सरिताला काही उमगेना. तिनं फोल्डर उघडलं. शंकर, स्टॅबिलायझर, सोमवार. शंकर, स्टॅबिलायझर, मंगळवार. शुक्रवारपर्यंत पाच. तिनं पाचही शेजारी शेजारी लावले. एक तार इकडची तिकडे नव्हती. पाचही वेळा, नुसत्या आठवणीतून.

मग तिनं आपली खिडकी पाहिली. मधोमध एकच मोठं बटण, 'नवा प्रकल्प'. जुने प्रकल्प कोपऱ्यातल्या तीन बारीक रेघांच्या मागे. स्क्रीन साफ दिसावी म्हणून तिनंच ते तिथं सारले होते. आठवडाभर तिनं बाबांनाच तपासलं होतं.

"डॉक्टरकडे कधी निघाचं?" बाबांनी खालच्या मानेनं शर्टाची बटणं लावत विचारलं.

सरितानं पर्स उघडली आणि दुकानाची चाबी त्यांच्या हातावर ठेवली.