हळदीचं गाणं आणि स्टॉप

धनश्रीने ‘स्टॉप’ टाइप करून एंटर दाबलं. गाणं थांबलं नाही. तिने पुन्हा दाबलं, मग तिसऱ्यांदा. मोठ्या स्पीकरमधून तिची आई कलाबाई आणि चार शेजारणी हळदीचं गाणं ठणठणीत आवाजात म्हणतच राहिल्या.

अडाजणच्या त्या लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात असला दणका कधी ऐकू आला नव्हता. मुलाखत घेणारे गुजराती मालक मगनभाई दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडले, “अरे बेन, बंद कर ने!” काचेपलीकडे माणसं खुर्च्यांवरून उठून बघू लागली.  स्पीकरचं बटण धनश्रीच्या हाताशीच होतं, पण घाबरलेल्या माणसाला हाताशी असलेलं कधी दिसलंय?

येताना स्वतः बनवलेलं काहीतरी घेऊन ये, असा निरोप होता. तिने आईची रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायचा प्रोग्राम बनवला. ना चित्रं, ना रंगीत बटणं. काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा, की गाणं सुरू. आवाज पूर्ण वर ठेवलेला. नवागामच्या कामगार वस्तीत त्यांच्या खोलीखाली दिवसभर माग खडखडतात, तिथे एवढा आवाज म्हणजे कुजबुजच. आणि ही नोकरी हुकली, तर आईशेजारी बसून साड्यांना खडे चिकटवायचे, हे घरी ठरलेलं होतं.

एकदाचं गाणं संपलं. तेव्हा कुठे पडद्यावर ‘थांबवलं’ अशी अक्षरं उमटली, तीही ओळीने तीनदा. बैल गेला आणि झोपा केला!

“टेस्ट नहीं किया था?” मगनभाईंनी विचारलं.

धनश्रीला खोटं सुचलंच नाही. “सर, हमारे घर में हल्दी का गाना बीच में कोई बंद नहीं करता. अपशकुन होता है. इसलिए स्टॉप हमेशा गाना खतम होने के बाद ही दबाया.”

मगनभाईंनी हसू कसंबसं आवरलं. “आधा घंटा देता हूँ. ठीक कर.”

चूक तिला लगेच सापडली. गाणं लावलं की प्रोग्राम त्यातच गुंग व्हायचा; ते संपेपर्यंत पुढचा हुकूम वाचायचाच नाही. ओठ दाताखाली धरून तिने कामाची वाटणी केली: प्रोग्रामच्या एका भागाने गाणं वाजवायचं, दुसऱ्याने हुकूम ऐकायचा.

आता तिने आवाज कमी ठेवून हळदीचंच दुसरं गाणं लावलं. गाण्यातल्या विहीणबाईची नथ हरवली होती. मांडवात शोधाशोध सुरू झाली. करवल्यांची झडती झाली, आचाऱ्याची झाली, नवरदेवाचा फेटासुद्धा सोडून झाला. गाणं अहिराणीत होतं, पण अहिराणी आणि गुजराती या शेजारणीच. मगनभाईंना सगळं कळत होतं. काचेपलीकडची माणसं हळूहळू दारात येऊन उभी राहिली होती. धनश्रीची नजर मात्र पडद्यावरून हलली नाही.

तिने ‘स्टॉप’ लिहिलं आणि बोट एंटरवर अडलं. “हळदनं गाणं अर्धं सोडानं नही, माय,” आई लहानपणापासून सांगत आली होती. आई, एवढी एक वेळ माफ कर, असं मनात म्हणून तिने एंटर दाबलं.

गाणं शब्दाच्या मध्यावरच थांबलं.  थांबलं! धनश्रीला इतका आनंद झाला की खुर्चीवरून उडी मारावीशी वाटली. तिने हसत वळून पाहिलं, तर मगनभाईंचा चेहरा उतरलेला. दारातली माणसंही तशीच.

“सर, बंद हो गया...” ती चाचरत म्हणाली.

“हाँ हाँ, नौकरी पक्की, सोमवार से आ जा,” मगनभाई खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “लेकिन पहले चालू कर ने, बेन! नथ निकली किसके पास?”