स्पेनचं तिकीट

"आई, आता तरी जग बघ," म्हणत तिकडे राहणाऱ्या लेकीने स्पेनचं तिकीट पाठवलं, आणि हेमलताबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करता करता बारा वर्षं सरली होती. आता त्याही गेल्या. संत्र्यांच्या झाडांचे रस्ते, निळ्या फरशांचे राजवाडे, चौकातली नाचगाणी, रोज एक असं सगळं त्यांनी वहीत मांडलं. लेकीला आठवा महिना होता. पण पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, दुसरं सासरच्यांनी करायचं, ही तर रीतच. विहीणबाई तिकडे जाणारच होत्या.

सामानाचं ठरवायला व्हिडिओ कॉल लागला.

"डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुनी सुती लुगडी आण," लेक म्हणाली.

"अगं, ते विहीणबाई आणतील ना?"

"त्यांना मी नको म्हटलं. तूच हवीस गं मला."

हेमलताबाईंनी मांडीवरची वही मिटली. आईच्या तोंडी नकार येतो कुठला? "येते हो बाळा," त्या म्हणाल्या.

लेक खुशीत फोन घेऊन खिडकीशी गेली. "बघ, काय ऊन आहे! दुपटी तासाभरात वाळतील."