माळ्यावरच्या फळ्या

रुनारच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्याच हिवाळ्यात त्याच्या वहिनीने, सिग्नेने, त्याला ग्रोशेर बेटावर बोलावून घेतलं. नॉर्बी गावातून तो सुतारकामाच्या हत्यारांची घसरगाडी ओढत गोठलेल्या समुद्रावरून आला.

"फळ्या माळ्यावर आहेत," ती दारातच म्हणाली. "बर्फ कुजायच्या आत पेटी झाली पाहिजे."

बेटावर सगळे शवपेटी अशी आधीच करून ठेवत. वसंतात बर्फ कुजून ठिसूळ झाला की पायी जाता येत नाही, होडीही चालत नाही. तेव्हा कोणी वारलं तर पाणी मोकळं होईतो मासळीच्या कोठारात पडून राहायचं. सिग्नेच्या सासूला उंदीर लागले होते. सिग्नेला पुन्हा तसं नको होतं.

रुनार थोरल्या भावाच्या खोलीत डोकावला. आल्गोत अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता. जाळी टाकायच्या जागेवरून दोघांचं बोलणं मात्र त्याच्याही आधी तुटलं होतं. आल्गोतने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माप लागेल," रुनार म्हणाला.

"त्याला उठवू नकोस, आदळआपट करेल. माझ्यावरच घे. आम्ही एकाच उंचीची."

"लग्नाच्या फोटोत दादा चांगला उंच दिसतो, वहिनी."

"दगडावर उभा होता."

माप होताच ती जिन्याच्या पायरीवर बसली. वर्षानुवर्षं माणूस उचलून थकली असणार, असं रुनारला वाटलं.

तो रंधा मारत राहिला. ती खारवलेले मासे अन् बटाटे वाढायची. आल्गोत आतून रिकामी ताटली आपटून आणखी मागायचा. तिचं ताट तसंच राहायचं.

तो निघताना तिने विचारलं, "मुलगी गेल्यावर तुझी मागची खोली रिकामीच ना?"

"रिकामीच. ये की राहायला. इथं एकटी काय करशील?"

"माणूस चिडकं निघालं तर?"

"तुझी बोलणी खातोच आहे की इतकी वर्षं."

"थट्टा नको. दाराबाहेर काढणार नाहीस, शब्द दे."

"दिला. हा घे हात."

तिने हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

मार्च सरत आला आणि एका सकाळी ग्रोशेरच्या धुराड्यातून धूर दिसेना. बर्फ पायाखाली दबत होता, तरी रुनार गेला. त्याने पेटी भरली, झाकण ठोकलं. मग घसरगाडीवर कांबळी अंथरली, उरलेलं माणूस त्यांत गुंडाळलं आणि शब्द दिल्याप्रमाणे मागच्या खोलीत आणलं. रुनारच्या बायकोने कॉफी दिली. गार आहे म्हणून कॉफी आतून परत आली.

धूर दिसेना त्याच पहाटे, सव्वीस मार्चला, सिग्ने वारली होती.