वीसपैकी अठरा

ज्या प्रश्नाला कंडक्टरीणबाईंनी हातही लावला नव्हता, त्याच्यापुढे पडद्यावर हिरवी खूण झळकत होती.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अर्थशास्त्राची मागची चाचणी, शेवटचा प्रश्न, मागणीची लवचिकता. हे प्रकरण त्यांच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. वैतागून त्यांनी तो प्रश्न कोराच सोडला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. आणि इथे चार ओळींचं उत्तर होतं, नीटनेटकं, उदाहरणासकट.

सोमवारी बारावीची परीक्षा होती, केंद्रावर जाऊन, हाताने लिहून द्यायची. बारावी झाली की डेपोच्या ऑफिसात बसून करायचं काम मिळणार होतं. बसमध्ये उभं राहून राहून गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता, म्हणून तर या वयात हा ऑनलाइन शाळेचा घाट घातला होता. चाचणी दर रविवारी, उत्तरं रात्री बारापर्यंत बदलायची मुभा, निकाल दुसऱ्या दिवशी. पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा पडले. त्यानंतर मात्र अठराच्या खाली बात नाही.

"अगं ए, इकडे ये!"

गच्च भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोचणारा आवाज तो. आतल्या खोलीत केस विंचरणारी लेक कंगव्यासकट बाहेर आली.

"हे कोणी लिहिलं?"

लेकीने पडद्याकडे पाहिलं आणि लगेच खिडकीकडे. पोरीने पहिलीपासून पहिला नंबर सोडला नव्हता, पण खोटं बोलण्यात अगदीच कच्ची.

"आई, चिडू नकोस. सहा पडले तेव्हा तूच म्हणालीस ना, आता सोडते म्हणून? मला वाटलं, चांगले मार्क दिसले की तुला हुरूप येईल. चाचणी देऊन तू झोपायला गेलीस की मी तुझी उत्तरं... थोडी नीट करायचे."

"सगळ्या चाचण्यांची?"

"पहिली सोडून."

बाईंचं डोकं सणकलं.

"सोडते म्हणाले! मी काय रोज सोडते म्हणत नाही? नोकरी सोडते म्हणते, चहा सोडते म्हणते, तुझ्या बापाला सोडते म्हणते. सोडलं का एक तरी?"

"पण हुरूप आला की नाही तुला? खरं सांग."

हुरूप आला होता, तेच तर दुखणं होतं. एकेक निकाल त्यांनी डेपोभर मिरवला होता. ड्रायव्हर, मेकॅनिक, कॅन्टीनवाला, एकही जण त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. 'बाई, छुप्या रुस्तम निघालात हो,' असं कोणी म्हटलं की त्या लाजून हसायच्या. आणि घरी येऊन सरावाच्या पेपरांकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. अठरा पडणाऱ्या बाईला सराव कशाला हवा?

"वाटोळं केलंस माझं," त्या म्हणाल्या. आता आवाज चढला नव्हता, त्यामुळे लेक जास्तच घाबरली. "परवा कोणत्या तोंडाने पेपरला बसू? मला काय येतं आणि काय येत नाही, हे मलाच ठाऊक नाही. माझ्या डोक्यात काय आहे ते तुला माहीत, मला नाही!"

"मी तुझ्या चांगल्यासाठीच..."

"गप्प बस. तिथे उभी राहा. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

त्यांनी सरावाचा पेपर उघडला. सगळे पर्यायांचे प्रश्न, निकाल तिथल्या तिथे. लेक कपाटाला टेकून उभी राहिली. बाई एकेका प्रश्नाशी झुंजत होत्या, ओठ हलत होते, बोट पर्यायांवरून खाली-वर फिरत होतं. चुकीच्या पर्यायाशी बोट थांबलं की लेकीच्या घशातून बारीक आवाज निघायचा आणि बाई मान न वळवता म्हणायच्या, "खबरदार." लवचिकतेचा प्रश्न इथेही आडवा आला. बाईंनी डोळे मिटले आणि वाटेल ते बटण दाबलं.

वीसपैकी नऊ. पास व्हायला सात लागत.

बाई कितीतरी वेळ त्या नऊकडे बघत राहिल्या. सहाचे नऊ झाले होते. कोणाचा हात न लागता झाले होते, आणि ते त्यांना आजवर कळू दिलं गेलं नव्हतं. राग उतरायच्या ऐवजी आणखी उसळला.

लेकीचा जीव मात्र भांड्यात पडला. खुर्ची ओढून ती आईच्या शेजारी बसली, पेन उचललं, हाताशी होता तो वर्तमानपत्राचा कोपरा पुढे ओढला.

"बघ, पास आहेस तू! आणि ते लवचिकतेचं काही अवघड नाही गं. मिठाचा भाव वाढला तरी मीठ आपण तेवढंच आणतो, आणि आइस्क्रीमचा वाढला की आइस्क्रीम आणणं कमी करतो. कशाची मागणी भावामुळे किती हलते, एवढंच बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे."

बाईंना कळलं. लख्ख कळलं.

"दोन मिनिटांचं?" त्यांनी लेकीच्या हातातलं पेन काढून घेतलं. "हेच मी तुला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा तुला वेळ नव्हता."