आपलं विमान

मन शांत व्हायला हातांना काहीतरी काम द्या, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून लढाई संपल्यावर पाच वर्षांनी भालचंद्रराव बेहाला भागातल्या आपल्या घरी कागदी विमानं करू लागले. दर रविवारी एक विमान कापायचं, खळीने चिकटवायचं, दोऱ्याने छताला टांगून खाली उताणं पडून बघत राहायचं आणि संध्याकाळी फाडून टाकायचं.

"अहो, इतकं देखणं झालंय, फाडता कशाला?" नलिनीबाईंना एकदा राहवलं नाही.

"इकडे ये, खालून बघ. कुणाचं वाटतं? आपलं की जपान्यांचं?"

नलिनीबाईंनी मान वर केली. "आपलंच की!"

 

"खिदिरपूरच्या गोदीवर पहाऱ्याला होतो, तेव्हा मीही हेच म्हणालो. आणि धोक्याचा भोंगा वाजवला नाही."