ठिपके
हेमांगीने व्हीसीआरचं हेड पुसलं, ट्रॅकिंगचं बटण फिरवून पाहिलं, तरी आईच्या लग्नाच्या कॅसेटवरचे पांढरे ठिपके जाईनात. “टेपला बुरशी लागली वाटतं,” ती म्हणाली. तिची आई रंजनाबाई पडद्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. त्यांच्या वडिलांचं, नानांचं, चालतं-बोलतं रूप एवढ्या एकाच कॅसेटमध्ये होतं. शेवटी हेमांगीने व्हीसीआर लॅपटॉपला जोडून ठिपके पुसायचं सॉफ्टवेअर उघडलं. तेवढ्यात पडद्यावर एक ठिपका तरंगत आला, नानांच्या काळ्या टोपीवर बसला. नाना हलले, तोही टोपीबरोबर हलला. “थांब व माय,” रंजनाबाई पुढे सरकल्या. “बुरशी नही, कापूस शे तो. जिनिंग मिलना आवारमा लागनं मन्हं लगीन.” हेमांगीने सुटकेचा निःश्वास सोडला. “तरी थोडे कमी करू का? तुझा शालू भरलाय नुसता.” पडद्यावर नाना नवरीजवळ वाकले आणि चिमटीने रुई वेचू लागले. “तू नको काढू,” रंजनाबाई म्हणाल्या. “नाना काढी ऱ्हायनात.”