उलट्या बिजागऱ्या

मी अर्धवट बनलेला कॉम्प्युटर गेम विकत घेतला, तेव्हा सुतारकाम करणारे बाबा हसले होते. "अगं, छप्पर नसलेलं घर कुणी घेतं का?"

"पैसे आधी घेतात, बाबा. घर मग सावकाश बांधतात."

"म्हणजे आम्हा सुतारांसारखेच की."

मग तेच रोज शेजारी बसून बघू लागले. गेममधल्या घराच्या मागच्या दारावर 'लवकरच' अशी पाटी होती. "बिजागऱ्या उलट्या बसवल्यात. कळव त्यांना," असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. मी कधी कळवलंच नाही.

बाबांना जाऊन तीन महिने झाले. आज दुपारी गेम उघडला, तर बिजागऱ्या नीट बसवलेल्या होत्या. मी गेम बनवणाऱ्यांना आभार कळवले. लगेच उत्तर आलं, "त्या दाराला आम्ही अजून हातच लावलेला नाही. मागे खोलीसुद्धा नाही."

मी आवाज वाढवला. दारामागे कुणीतरी संथपणे रंधा मारत होतं. मधूनच फुंकर घालून भुसा उडवत होतं.

आमच्या कॉम्प्युटरला माइक नाही. तरी मी रोज जेवायला हाक मारायचे, तसंच हळूच म्हणाले, "बाबा, ताट वाढलंय."

रंधा थांबला.